सातारा: सहावी ते आठवीची सरकारी शाळा चांगली आहे हे ओळखायचं कसं?

गोडोलीकर

नमस्कार. यजमानांची बदली पुण्याहून साताऱ्याला झाली आणि मार्चपासून आम्ही गोडोलीत राहतोय. लेक पाचवीची परीक्षा संपेपर्यंत पुण्यात आजीकडे आहे. जूनपासून तिची सहावी. मी स्वतः वाईजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले. तिलाही जिल्हा परिषद, नगरपालिका नाहीतर अनुदानित मराठी शाळेतच घालायचं हे आमचं दोघांचं पक्कं आहे. त्यामुळे खासगी इंग्रजी शाळांची नावं कृपया सुचवू नका.

अडचण अशी की गेल्या आठवड्यात दोन शाळा पाहिल्या आणि घरी येऊन काहीच ठरवता आलं नाही. पहिलीच्या फाटकावर शिष्यवृत्तीधारकांचा फ्लेक्स, वर्गात मोठा टीव्ही, भिंती नव्यानं रंगवलेल्या. मुख्याध्यापकांनी सगळी शाळा फिरून दाखवली. दुसरी जुनी, कौलारू. तिथे मुख्याध्यापिका बाई सातवीचा तास घेत होत्या, म्हणून मला अर्धा तास पडवीत बसावं लागलं. आतून मुलांचा आवाज येत होता. प्रश्न विचारत होती, एकमेकांना खोडत होती. तो आवाज मला फार आवडला. पण तेवढ्यावर शाळा निवडायची का? नेमकं काय बघायचं, कुणाला काय विचारायचं? सकाळची शाळा सुरू आहे तोवर पुन्हा एक फेरी मारता येईल.

पाटणखोरे

आधी पट विचारा. आमच्या डोंगरात ही पहिली काळजी. २०२४ मध्ये संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकपदं ठरवायचे, निकष बदलले. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की त्या गटाचं शिक्षकपदच धोक्यात येतं. पुतण्याच्या शाळेत सहावी-सातवी मिळून सतरा पोरं होती, शिकवणारे गुरुजी जीव लावणारे होते, तरी दोन वर्षं ‘पुढच्या वर्षी वर्ग राहील का’ हीच टांगती तलवार. शेवटी पोरगं रोज एसटीनं दुसऱ्या गावाला जायला लागलं. साताऱ्यात एवढी वेळ येणार नाही, तरी मागच्या तीन वर्षांचा पट वाढतोय की उतरतोय ते बघाच.

निवृत्त केंद्रप्रमुख

ताई, पडवीतला तुमचा अर्धा तास वाया गेलेला नाही. पण अजून एक तास द्या, आणि तो वर्गात द्या.

माझी सगळी नोकरी कोरेगाव आणि खटाव तालुक्यांत गेली. आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक, शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा. शाळाभेटीला गेलो की ऑफिसात बसायचं नाही, थेट वर्गात मागच्या भिंतीशी जाऊन बसायचं, असा माझा नेम होता. आणि शेवटच्या बाकावरच्या पोराची वही मागायची. पहिल्या बाकावरची वही कुठल्याही शाळेत चांगलीच असते, तिच्यात निम्मं घर असतं. शाळेनं काय केलं ते मागच्या पोराच्या वहीत दिसतं. तारखा सलग आहेत का? चुकलेल्या गणितावर नुसती लाल फुली आहे, की खाली तेच गणित पुन्हा करून घेतलंय? निबंध सगळ्या वर्गाचा एकसारखा असेल तर तो फळ्यावरून उतरवलेला. सहावीच्या मुलानं ‘आमची म्हैस’ या विषयावर स्वतःच्या मनानं लिहिलेल्या सहा ओळी, दहा चुकांसकट, मला त्या उतरवलेल्या दोन पानांपेक्षा मोलाच्या वाटतात.

आता शिक्षकांचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. सहावी ते आठवीसाठी त्यात ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय. शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक शिक्षक हवा. म्हणून ‘शिक्षक किती’ असं मोघम विचारू नका. मंजूर पदं किती, भरलेली किती, गणित-विज्ञानाचे पदवीधर शिक्षक आहेत का, असं विचारा. हे आकडे मुख्याध्यापकांना तोंडपाठ असतात. एखादं पद रिक्त असलं म्हणून शाळा वाईट ठरत नाही, बदल्या आणि भरती शाळेच्या हातात नसतात. पण मग तो तास कोण घेतं? भिंतीवरचं वेळापत्रक वाचा आणि आत्ता ज्या वर्गात विज्ञान लिहिलंय तिथे खरंच विज्ञान चाललंय का ते डोकावून बघा.

आणि एक प्रश्न मात्र नक्की विचारा, माझ्या लेखी तो सगळ्यांत महत्त्वाचा. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून होते. तिच्यात गावोगावच्या मुलांना दुसरीच्या पातळीची एक गोष्ट वाचायला देतात आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांगतात. एवढंच. आणि आठवीपर्यंत पोचलेली मुलंही तिथे अडकतात, हे मी माझ्या केंद्रात डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा शाळेला विचारा, सहावीत आलेल्या ज्या मुलाला भागाकार येत नाही त्याचं तुम्ही काय करता? ‘आमच्याकडे तसं कुणी नाही’ असं उत्तर आलं तर मी तरी त्या शाळेवर विश्वास टाकणार नाही. ‘चार जण आहेत, परिपाठाआधी वेगळे बसवतो’ असं म्हणत कुणी नावं सांगायला लागलं, तर तिथे तुमच्या मुलीकडेही लक्ष जाईल.

आपल्याच साताऱ्यातलं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांचा गट, आठवा. प्रतिभा भराडे मॅडम विस्तार अधिकारी असताना तिथल्या जिल्हा परिषद शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक यायचे. बरेच जण फरशीवर आखलेल्या आकृत्यांचे फोटो काढून गेले आणि आपल्या शाळेत तशाच रंगवून घेतल्या. तिथलं खरं काम वेगळं होतं. एकही मूल मागे ठेवायचं नाही, यासाठी शिक्षक एकेका मुलाच्या मागे लागले होते. रंग उचलणं सोपं होतं, ते उचलणं अवघड.

मला या शाळांविषयी माया आहे, ती लपवत नाही. राजवाड्यातल्या ज्या हायस्कूलला आज आपण प्रतापसिंह हायस्कूल म्हणतो, तिथे ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर हे नाव रजिस्टरला चढलं. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याला आणली. या मातीत शाळेनं माणसं उभी केलीत. म्हणूनच शाळा नावावर निवडू नका, आज तिथे कोण आणि कसं शिकवतंय त्यावर निवडा.

शाहूनगर

एवढा खटाटोप कशाला? पाचवी ते दहावीचं हायस्कूल बघा, दहावीचा निकाल विचारा आणि मोकळे व्हा.

कऱ्हाडची आई

शाहूनगर दादा, मीही आधी असाच विचार केला होता, म्हणून सांगते. दहावीच्या निकालात क्लासचा वाटा किती आणि शाळेचा किती, हे कळायला मार्ग नाही. नववीत कुणाला थांबवलं, कुणाला सतरा नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसायचा) फॉर्म भरायला सांगितलं, हेही त्यात दिसत नाही.

गोडोलीकर ताई, त्या फ्लेक्सबद्दल बोलते. माझा मोठा मुलगा ज्या शाळेत होता तिथे शिष्यवृत्तीचा निकाल दरवर्षी छान लागायचा, फ्लेक्सवर दहा-अकरा फोटो. आठवीत गेल्यावर कळलं की वर्गातल्या शेहेचाळीस मुलांतून बारा निवडायची आणि त्यांचाच अभ्यास घ्यायचा. दुपारनंतर बाकीच्यांना स्वाध्याय लिहीत बसवायचं. माझा मुलगा त्या बाकीच्यांत होता. मला ते डिसेंबरमध्ये समजलं, तेही तो घरी ‘मी ढ आहे’ म्हणायला लागला तेव्हा. त्याचं गणित नंतर सुधारलं, पण ते वाक्य मनातून काढायला आम्हाला वर्ष लागलं. परीक्षा वाईट नाही. दीडशे-दीडशे गुणांचे दोन पेपर, प्रत्येकात ४० टक्के मिळाले की मूल पात्र, तयारी केली तर विचार करायची सवयच लागते. फक्त किती पात्र झाले याबरोबर वर्गाचा पट किती आणि बसवले किती हेही विचारा. आठवीच्या एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचंही तसंच. त्यात निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात, गरीब घराला तो मोठा आधार आहे. ते फॉर्म शाळा स्वतःहून भरून घेते का?

घरबसल्या बघण्यासारखं म्हणजे यूडायस प्लस, शाळांच्या माहितीचं सरकारी संकेतस्थळ. शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक घ्या, पट, शिक्षक, स्वच्छतागृहं अशी माहिती दिसते. ती शाळेनंच भरलेली असते, तेव्हा कागदावरच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का ते जाऊनच बघा. मुलगी वयात येतेय ताई. याला दुय्यम समजू नका.

गणित-विज्ञान शिक्षक

सेमीचं विचारून घ्या. पुण्यात तिचं गणित-विज्ञान इंग्रजीतून झालं असेल आणि इथे मराठीतून असेल (किंवा उलट), तर पहिले दोन-तीन महिने मुलं गप्प होतात. शाळेनं ते ओळखलं पाहिजे. प्रयोगाचं साहित्य कपाटात आहे की हाताळलं जातं हे मुलांनाच विचारा. ‘शेवटचा प्रयोग कुठला केलास?’ याचं उत्तर मुलं हातवारे करून देतात, किंवा एकमेकांकडे बघतात.

आणि एक विनंती. निवडणुका, मतदार याद्या, ऑनलाइन माहिती यांत आमचे बरेच दिवस जातात. तुम्ही गेलात त्या दिवशी एखादे शिक्षक नसतील तर लगेच मत बनवू नका.

गोडोलीकर

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. परवा आणि काल पुन्हा जाऊन आले, आणि माझा आधीचा अंदाज पार बदलला.

टीव्हीवाल्या शाळेत मी मागच्या बाकाजवळ बसायची परवानगी मागितली. मुख्याध्यापक क्षणभर थांबले, मग हो म्हणाले. सातवीचं गणित चाललं होतं. सरांनी टीव्हीला हातही लावला नाही. एक मुलगा अपूर्णांकात अडकला तर त्याला फळ्याकडे न बोलावता स्वतः त्याच्या शेजारी जाऊन बसले. तास संपल्यावर भागाकाराचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, ‘सहावीत सात आहेत.’ खिशातल्या छोट्या डायरीत त्यांची नावं होती, पुढे तारखा. दोन नावं खोडलेली, म्हणजे त्यांना आता जमतं. पण मुलींचं स्वच्छतागृह कुलूपबंद होतं. मुली शेजारच्या घरी जातात असं एका मुलीनं हळूच सांगितलं.

कौलारू शाळेत स्वच्छतागृह लख्ख. बाई खरंच फार छान शिकवतात. पण गणित-विज्ञानाचं पद दोन वर्षं रिक्त आहे आणि ते तासही बाईच घेतात. आता सांगा, कुठलं जास्त महत्त्वाचं धरू?

निवृत्त केंद्रप्रमुख

बाई निवृत्त कधी होतात ते विचारलंत का?

गोडोलीकर

आत्ता फोन करून विचारलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात.

निवृत्त केंद्रप्रमुख

मग ती शाळा आज एका माणसावर उभी आहे. अशा बाई मला नोकरीत चार-दोनच भेटल्या, त्यांना माझा नमस्कार सांगा. पण तुमच्या मुलीला तीन वर्षं काढायची आहेत. बाईंच्या जागी तशाच बाई येतील याची खात्री मी तरी देऊ शकत नाही. बंद स्वच्छतागृह पालकांनी रेटा लावला तर महिन्यात उघडतं. गणिताचा शिक्षक पालकांच्या रेट्यानं येत नाही. आणि डायरीत नावं लिहून ठेवणारा तर नाहीच नाही.

कऱ्हाडची आई

स्वच्छतागृहाचं मी सांगते. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात, आणि निम्म्या महिला. अध्यक्षही पालकांमधूनच. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून येणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. समितीच्या बैठकीत त्या खर्चाची वही मागा. आमच्याकडे धाकटीच्या शाळेत आम्ही तिघींनी मागितली, पंधरा दिवसांत नळ बसले.

गोडोलीकर

आज पहिल्या शाळेत अर्ज भरून आले. पुण्याचा दाखला अजून हातात नाही, पण दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही हे मुख्याध्यापकांनीच सांगितलं. स्वच्छतागृहाचं विचारलं तर टाकीची मोटार जळाल्याचं कळलं, जानेवारीपासून तशीच आहे. मी म्हटलं, शाळा उघडायच्या आत दुरुस्त व्हायला हवी, मी पुन्हा येऊन बघेन. त्यांना राग आला नाही, त्यांनी वहीत लिहून घेतलं. समितीची मुदत दोन वर्षांची, या जूनमध्ये संपतेय. पालकसभेची तारीख कळली की मी नाव देणार आहे. निघताना ते गणिताचे सर भेटले, त्यांनी लेकीचं नाव विचारलं आणि सेमी होतं का तेही विचारलं.