माका ट्रॉफी: खेळाडू घडवल्याबद्दल की जमवल्याबद्दल?

जुना_जिमखाना:
मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी, म्हणजे आपली माका, १९५६-५७ पासून दिली जाते. वर्षभराच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत सगळे खेळ मिळून जे विद्यापीठ सरस, त्याला ती मिळायची; २०२४ ला खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या एकूण विजेत्याला दिली. २०१९ ते २०२१ सलग तीनदा चंदीगडचं पंजाब विद्यापीठ, मग दोनदा अमृतसरचं गुरू नानक देव, २०२४ ला चंदीगड युनिव्हर्सिटी. हे नाव पहिल्यासारखंच वाटलं तरी हे खासगी विद्यापीठ वेगळं. गाडी त्या पट्ट्यातून हलतच नाही. कारण सरळ आहे: तयार खेळाडू हेरायचा, फी माफ करायची, पदकं मोजायची. आमच्यासारख्यांनी शाळेपासून पोरगं घडवायचं आणि पॉइंट दुसऱ्याच्या खात्यात. यात विद्यापीठाचं कर्तृत्व काय?

खोखोची_पोर:
सर, बेरीज आहे म्हणून तर आमच्यासारख्यांना कुणी विचारतं. नुसता क्रिकेटचा कप असता तर खो-खोला मैदान तरी मिळालं असतं का? मी आंतरविद्यापीठ खेळले तेव्हा आमची तिकिटं वेटिंगवरच राहिली. रात्रभर दाराजवळ किटबॅगवर बसून गेलो. सकाळी माझा घोटा सुजलेला. शेजारच्या मैदानावर एका खासगी विद्यापीठाच्या मुली. त्यांच्यासोबत फिजिओ, बर्फाचा डबा. त्यांच्याकडूनच बर्फ मागून आणला. पॉइंटसाठी का असेना, बर्फ होता!

रकाना_तिसरा:
आपण कमी आहोत हे आधी डोक्यातून काढा. २०२० च्या भुवनेश्वरच्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत पुणे विद्यापीठाची सुवर्णं १७ आणि विजेत्या पंजाब विद्यापीठाचीही १७. रौप्यं त्यांची १९, आपली ११. तिथे गेलं. पुढच्याच स्पर्धेत बंगळूरचं जैन विद्यापीठ २० सुवर्णांसह पहिलं. तेव्हा ‘त्याच पट्ट्यात’ हेही पुरतं खरं नाही.

जुना_जिमखाना:
जैनही खासगीच की! माझाच मुद्दा झाला.

स्टाफरूम:
खरी गोम वेगळी आहे. आपल्याकडे एका विद्यापीठाखाली शेकडो कॉलेजं. पोरं ज्याच्या त्याच्या गावी. निवड चाचणी, चार दिवसांचं शिबिर, की लगेच गाडी. रिले संघातली चौघं बॅटन एकमेकांच्या हातात पहिल्यांदा देतात ती शिबिरातच. समोरची चौघं वर्षभर एकाच वसतिगृहात राहून एकाच ट्रॅकवर धावलेली असतात. संलग्न कॉलेजंवाल्यांसाठी वेगळी ट्रॉफी काढा.

रकाना_तिसरा:
हा रडीचा डाव झाला. मग त्याच १७ सुवर्णांचं काय करायचं? ती याच पद्धतीत आली ना?

स्टाफरूम:
आली, पोरांच्या जिवावर. शिबिरातल्या जेवणाबद्दल बोलायला लावू नका.

खोखोची_पोर:
जमवण्यावरून एक सांगते. माझ्या मावसबहिणीची मुलगी कुस्ती खेळते. बाहेरच्या राज्यातून फोन आला: फी माफ, खोली, खुराक. तिच्या वडिलांना पोरगी लांब पाठवायची नव्हती. त्यांनी इथल्या कॉलेजात जाऊन विचारलं, तुम्ही काय द्याल? उत्तर मिळालं, ‘हजेरी मात्र भरली पाहिजे.’ जूनमध्ये गेली ती.

जुना_जिमखाना:
कुठल्या वजनगटात?

खोखोची_पोर:
५७ किलो. का हो सर?

जुना_जिमखाना:
काही नाही. यंदा आमच्या निवड चाचणीला त्या वजनात एकही मुलगी आली नाही.