अमिगा ५०० साठी किकस्टार्ट रॉम विकत घ्यायचीय, पैसे नक्की कोणाला द्यायचे?

माळ्यावरचा_खजिना

नमस्कार मंडळी. माझ्या मामाने ८९ साली मँचेस्टरला शिकत असताना घेतलेला अमिगा ५००, म्हणजे कमोडोर कंपनीचा घरगुती कॉम्प्युटर, गेल्या महिन्यात माळ्यावरून खाली काढला. सोबत तो विटेएवढा जड पॉवर सप्लाय, माउस आणि बुटाच्या खोक्यात साठेक फ्लॉप्या. सप्लाय तिकडचा २४० व्होल्टचा, त्यामुळे आपल्याकडे चालतो, तरी एका मित्राकडून आधी आउटपुट मोजून घेतलं आणि मग लावला, तर स्क्रीन नुसता लालभडक, बाकी काही नाही. शोधल्यावर कळलं की लाल म्हणजे किकस्टार्ट रॉमचा (मशीन सुरू करणारा प्रोग्राम ज्यात असतो ती चिप) चेकसम, म्हणजे आतला मजकूर शाबूत आहे का हे तपासायचा आकडा, जुळत नाहीये.

आता नवीन चिप घ्यायला गेलो तर डोकंच चक्रावलं. क्लोआंटो ही कंपनी म्हणते १.३ (माझ्या मशीनची आवृत्ती हीच) आणि ३.१ चे मालक आम्ही, आमचं अमिगा फॉरएव्हर हे पॅकेज घ्या. हायपेरियन ही दुसरी कंपनी त्यापुढच्या ३.१.४ आणि ३.२ विकते आणि म्हणते हक्क आमच्याकडे आहेत. आणि ज्याला विचारावं तो सांगतो, अरे नेटवरून फाइल उतरव, ईप्रॉमवर, म्हणजे कोऱ्या चिपवर, बर्न कर, कोण बघतंय. मला ते नकोय. मामाने पार्टटाइम काम करून पाउंड पाउंड साठवून हे मशीन घेतलं होतं, त्यात चोरीचं काही घालायचं नाही. पैसे द्यायला तयार आहे, फक्त ते योग्य माणसाकडे जावेत. कोणाला द्यायचे?

६८०००_प्रेमी

पैसे खर्च करायच्या आधी एक कर. मशीन बंद, वायर काढलेली, मग झाकण उघड आणि ती ४० पायांची लांबट चिप हळूच सॉकेटमधून वर उचल. दोन्ही टोकांनी थोडं थोडं उचलायचं, एका बाजूने खेचलंस तर पाय वाकतील. पाय काळे पडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस आणि परत नीट दाबून बसव. ३५ वर्षांत चिप सॉकेटमधून सैल होते, लाल स्क्रीन कधी कधी एवढ्यानेच जातो.

मालकीचं म्हणशील तर गोष्ट लांबलचक आहे. कमोडोर एप्रिल १९९४ ला बुडाली. ९५ ला जर्मनीच्या एस्कॉमने सगळं घेतलं, तीही पुढच्याच वर्षी बुडाली, ९७ ला गेटवेकडे गेलं आणि तिथून अमिगा इंककडे. या नव्या कंपनीने नोव्हेंबर २००१ मध्ये बेल्जियमच्या हायपेरियनशी आणि इंग्लंडच्या आयटेकशी करार केला, की तुम्ही पॉवरपीसी प्रोसेसरसाठी अमिगाची पुढची ऑपरेटिंग सिस्टिम, ओएस ४, बनवा, पूर्ण झालं की २५ हजार डॉलर देऊन ते आम्हाला परत घेता येईल. बघ ना, एवढं मोठं काम आणि २५ हजार! ओएस ४ पूर्ण व्हायला डिसेंबर २००६ उजाडला आणि २००७ मध्ये लगेच अमेरिकेत कोर्टबाजी सुरू. अमिगा इंक म्हणे आमचं आम्हाला द्या, हायपेरियन म्हणे ज्या कंपनीशी करार केला ती तर मधेच दिवाळखोर झाली होती, आणि तसं झालं तर हक्क आमच्याकडे येतात हे करारातच लिहिलंय. सप्टेंबर २००९ ला तडजोड झाली, आम्हा सगळ्यांना वाटलं सुटलो एकदाचे. त्यानंतर क्लोआंटोने अमिगा इंककडून जुने कॉपीराइट घेतले आणि डिसेंबर २०१७ मध्ये पुन्हा दावा दाखल झाला.

दिवाणी_दप्तर

मी कोर्टात काम करते, कॉपीराइट माझा रोजचा विषय नाही, पण ती २००९ ची तडजोड वाचलीये आणि सगळी गोम एका वाक्यात आहे. हायपेरियनला ३.१ चा सोर्स वापरून ओएस ४ आणि त्यापुढच्या आवृत्त्या बनवायचा, विकायचा कायमचा हक्क दिलाय. मग अमिगा ५०० सारख्या जुन्या, ६८००० प्रोसेसरच्या मशीनसाठी ३.१ वरूनच बनवलेलं ३.१.४ त्यात बसतं का? एक बाजू म्हणते बसतं, दुसरी म्हणते मुळीच नाही. आपल्याकडे सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची असली की होतं तेच. मला राग याचा येतो की ज्यांनी रात्री जागून ३.२ मधले बग काढले ते प्रोग्रामर मधल्या मधे अडकलेत, त्यांनी तर कोणाची जमीन लाटलेली नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे पण. तुला १.३ हवंय, आणि १.३ त्या वादग्रस्त वाक्यात येतच नाही. ते जुन्या कॉपीराइटचं, म्हणजे अमिगा फॉरएव्हर घे. ३.२ घ्यायचं असतं तर मात्र मीही विचारात पडले असते.

आर्किमिडीजवाली

लीड्सहून लिहितेय. माझं प्रेम एकॉर्न कंपनीच्या रिस्क ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर. तिथेही हेच झालं होतं, ९८ ला एकॉर्नने कॉम्प्युटर बनवणं सोडलं, ९९ मध्ये रिस्कॉस लिमिटेडला लायसन मिळालं, २००३ मध्ये कॅसल कंपनीने पेस कंपनीकडून मूळ हक्क विकत घेतले, आणि मग एकाच ओएसच्या दोन शाखा, ४ एकाकडे आणि ५ दुसऱ्याकडे, प्रोग्राम लिहिणाऱ्याने दोन्हींवर तपासत बसायचं. आधीच मूठभर माणसं, त्यात दोन तट. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये नव्या मालकांनी आवृत्ती ५ अपाची या मुक्त लायसनखाली खुली केली. आज रास्पबेरी पायवर कार्डात टाकायची आणि वापरायची, कोणाला विचारायला नको. अमिगाला हे मिळावं अशी माझी फार इच्छा आहे. एआरओएस ही अमिगासारखी खुली सिस्टिम आहेच, पण ते शून्यापासून पुन्हा लिहिलेलं, मूळ सोर्स नव्हे.

माळ्यावरचा_खजिना

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री चिप काढली, एका बाजूचे सात-आठ पाय पार काळे होते. पुसून बसवली, पहिल्यांदा परत लाल, मग अंगठ्याने मधोमध दाबल्यावर बारीक कट्ट आवाज झाला आणि पुढच्या वेळी पांढऱ्या स्क्रीनवर निळी फ्लॉपी धरलेला हात आला. मामाला लगेच व्हिडिओ कॉल लावला, तो किती तरी वेळ काही बोललाच नाही.

चिप चालतेय, तरी अमिगा फॉरएव्हर घेतोय, लॅपटॉपवर इम्युलेटर (अमिगाची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवायला १.३ लागेलच. आता फ्लॉपी ड्राइव्ह नुसता टकटक करतोय, डिस्क वाचत नाहीये. हेड कशाने साफ करता तुम्ही?

६८०००_प्रेमी

वा! टकटक म्हणजे ड्राइव्ह जिवंत आहे, डिस्क नसताना तो दर काही सेकंदांनी चाचपतो. कानातला कापूसबड आणि तेच आयसोप्रोपिल, अगदी हलक्या हाताने, वरचं हेड उचलू नकोस. आणि मामाच्या फ्लॉप्यांना बुरशी नाहीये ना हे आधी शटर सरकवून बघ, नाहीतर एकच खराब डिस्क हेड परत घाण करेल.