गड्डा म्हणजे जत्रा, हे कंप्युटरला कसं कळणार?

चादरवाला: दुकानाच्या वेबसाईटवर संक्रांतीची 'गड्डा ऑफर' टाकली, तर सर्च केल्यावर गाद्या न् खड्डे दिसायलेत बे! पोरगा म्हणतो सिमँटिक वेब वापरा. म्हणजे काय ओ नेमकं?

नवीपेठकर: हाहा, गाद्या! कंप्युटरला शब्द म्हणजे नुसती अक्षरं, अर्थ आपल्या डोक्यात. म्हणून सिमँटिक वेबमध्ये, म्हणजे कंप्युटरलाही अर्थ कळेल अशा वेबमध्ये, माहिती तीन तुकड्यांत लिहायची, गड्डा–प्रकार–जत्रा, गड्डा–ठिकाण–सोलापूर, याला आरडीएफ म्हणतात, आणि प्रत्येक गोष्टीला स्वतःचा यूआरआय द्यायचा, आधार नंबरसारखा समजा, मग सिद्धेश्वरांची जत्रा वेगळी न् हिंदीतली गादी वेगळी, घोळ नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली वगैरेंनी २००१ लाच हे सविस्तर मांडलंय, पण सगळ्या वेबनं काय ते मनावर घेतलं नाही.

सातरस्ता: एवढं कशाला पिळतोस त्यांना. काका, स्कीमा डॉट ऑर्ग बघा, अशी माहिती लिहायच्या ठरलेल्या शब्दांची यादी आहे, गूगल, बिंग, याहूनी २०११ ला काढलंय. चादरीच्या पानावर प्रॉडक्टचं नाव, किंमत, स्टॉक जेसन-एलडीत, म्हणजे सर्च इंजिनला वाचता येईल अशा कोडात टाका, बास. पण त्यानं सर्चमध्ये वर याल असं नाय हां.

चादरवाला: स्टॉक रोज बदलतो की ओ, ते कोण बदलणार?

सातरस्ता: पोरगा!