मदत हवी आहे: भर समुद्रात सॅटेलाइट फोनवर हवामानाची फाइल पूर्ण उतरतच नाही

नमस्कार मंडळी,

शिडाची बोट आहे, बोटीवर आम्ही दोघंच. किनाऱ्याजवळ मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज पाहून भागतं, पण आता दहा दिवस जमीन न दिसणारा पल्ला आहे. त्यासाठी सॅटेलाइट फोन घेतला. डेटाचा वेग सेकंदाला २.४ किलोबिट. सरावासाठी तीनदा जीएफएसची (अमेरिकी हवामान खात्याचं संगणकी अंदाज-प्रारूप) ग्रिब फाइल, म्हणजे अंदाजाच्या आकड्यांची आटोपशीर फाइल, मागवली आणि तिन्ही वेळा लाइन अर्ध्यावर तुटली. मिनिटं मात्र बिलात लागली! अँटेना उघड्यावर होती. फाइल साधारण १ एमबीची. मागवताना दिसेल त्या पर्यायावर टिचकी मारली होती, हेही कबूल करतो.

महागडं, वेगवान उपकरण घ्यावं का? स्टारलिंकचं वेगवान पण वीजखाऊ उपग्रह इंटरनेट सुचवणाऱ्यांनो, आमच्या बॅटऱ्या आधीच रडतखडत चालतात.

प्रतिसाद

उपकरण राहू द्या, मागणी कमी करा. २.४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ३०० बाइट. १ एमबीला जवळजवळ तास लागणार, आणि खालच्या कक्षेतले उपग्रह दर काही मिनिटांनी बदलत असताना तासभर लाइन टिकायची कशी?

सेलडॉक्सला, म्हणजे ईमेलवर हवामानाच्या फाइली पाठवणाऱ्या सेवेला, ईमेल करून फाइल मागवा. जाळी (अंदाजाच्या दोन बिंदूंमधलं अंतर) पाव अंशाऐवजी एक अंशाची घ्या, बिंदू सोळापट कमी होतात. तीन तासांऐवजी सहा तासांचा टप्पा घेतलात की आणखी निम्मी. फक्त वारा आणि दाब मागा. ढग काय, मान वर केली की दिसतात.

धागाकर्ता

एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. मधलं काही हुकणार नाही का?

प्रतिसाद

हुकेल. पण गडगडाटी ढगाखालचा झोत पाव अंशातही सापडत नाही. शिवाय फाइलमधला वारा १० मीटर उंचीवरचा, सरासरी असतो; झोत त्याहून जोराचे येणार हे धरूनच शीड आवळा. भूशिराजवळ किंवा सामुद्रधुनीत मात्र बारीक जाळी घ्या, फाइलमधला समुद्राचा चौकोन लहान ठेवून. आणि फाइलमधला दाब रोज आपल्या बॅरोमीटरशी ताडून पाहा. दोन्हींत फरक वाढत गेला तर त्या अंदाजावर विसंबू नका.

धागाकर्ता

आत्ताच करून पाहिलं. दीड मिनिटात आली! रोज किती वाजता मागवू?

प्रतिसाद

जीएफएस यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ०, ६, १२ आणि १८ वाजता चालतं, पूर्ण निकाल साधारण पाच तासांनी हाती येतो. दिवसातून दोनदा पुरे.