बाळासाठी कापडी डायपर घ्यावेत का? (सोलापूर, नळ चार दिवसांनी, बजेट ३०००)

माहेरी_आलेय | १२ जानेवारी
नमस्कार. आठवा महिना लागतोय, पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी आलेय. अशोक चौकाच्या बाजूला घर आहे. तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली. बाळ झाल्यावर पुण्याला परत जाईपर्यंत तीन-साडेतीन महिने इथेच.

प्रश्न असा की कापडी डायपर घ्यावेत का? आजी म्हणते लंगोट शिवून ठेवते, आई म्हणते विकतचे आण, दोघींचं रोज वाजतं. नवऱ्याचं मत: "तुला हवं ते घे, पण ३००० च्या आत."

परिस्थिती सांगते. नळ चार दिवसांनी येतो. बोअरचं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही. मशीन सेमी-ऑटोमॅटिक, तीही आईच्या लग्नाइतकी जुनी. गच्ची आहे, ऊन भरपूर. बजेट खरंच ३०००, वाढणार नाही. अनुभव सांगा.

पुणेकर_आई
अभिनंदन! डोळे झाकून कापडीच घे. मी १६ पॉकेट डायपर (आत खिसा असलेले) घेतले होते, त्या खिशात घालायचे बांबूच्या कापडाचे इन्सर्ट वेगळे, ओले ठेवायच्या दोन बॅगा वेगळ्या. साडेनऊ हजार गेले, पण एकदाच. मशीन मात्र फुल्ली ऑटोमॅटिक आणि गरम पाण्याची घे, त्याशिवाय मजा नाही. माझ्या लेकीला एकदाही रॅश आली नाही. शेजारणीच्या मुलाला विकतच्या डायपरने इतकी आली की विचारू नकोस.

बंडू_विजापूर_रोड
चार दिवसांनी पाणी? नशीबवान आहात की ताई. आमच्याकडे पाचव्या दिवशी, तेपण रात्री दोनला. उजनी भरून वाहतंय आणि आम्ही घागर घेऊन बसलाव.

शेळगीकर
@बंडू, आमच्याकडे सहाव्या.

बंडू_विजापूर_रोड
मग धाग्याचं नाव बदला. "सोलापुरात बाळ व्हावं का" असं ठेवा.

नलूमावशी
बाळा, आजीचं ऐक. माझी तीन मुलं लंगोटावर वाढली, पाच नातवंडंपण. जुन्या सुती लुगड्याचे लंगोट, नाडीचे, त्रिकोणी. मऊ कापडासारखं काही नाही. नव्या कापडाचे शिवलेस तर आधी चार वेळा धू, खळ निघाली पाहिजे, नाहीतर पाणी वरच्या वर राहतं. खाली मेणकापड, त्यावर दुपटं, त्यावर लंगोट घातलेलं बाळ. ओलं झालं की रडतं, रडलं की बदलायचं. आजकालच्या पोरींना बाळ रडलेलं चालत नाही, म्हणून प्लास्टिक बांधून ठेवतात बारा-बारा तास. आमच्या सुनेने बांधलं. मी काही बोलले नाही. जाऊ दे.

आणि ते जाड डायपर सारखे घातले की पोराचे पाय फेंगडे होतात.

नर्सबाई_रात्रपाळी
मावशी, बाकी सगळं बरोबर, पण पाय फेंगडे डायपरने होत नाहीत. पोटात गुडघे दुमडून असल्यामुळे तान्ह्या बाळाचे पाय वाकडेच दिसतात, साधारण दोन वर्षांपर्यंत आपसूक सरळ होतात. उलट दुपट्यात पाय सरळ ताणून करकचून बांधणं खुब्याच्या सांध्याला वाईट. गुंडाळायचं तर कमरेखाली सैल.

माहेरी_आलेय, दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. पहिले दोन-तीन दिवस बाळ काळी, डांबरासारखी चिकट शी करतं. तिचे डाग निघता निघत नाहीत, त्यामुळे दवाखान्यात चांगलं कापड नेऊ नकोस, विकतचे डायपर नाहीतर टाकून द्यायच्या चिंध्या ने. दुसरं, नाळ गळेपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन आठवडे, काहीही बांधलंस तरी बेंबीच्या खाली दुमडून.

नलूमावशी
फेंगडे होतात गं. आमच्या गल्लीत एक होता.

यंत्रमागाचा_पोरगा
सोलापुरात बसून पुण्या-मुंबईचे डायपर मागवायचे? अहो आपण टॉवेलच्या गावात आहोत. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. आमच्या वडिलांचे माग होते, म्हणून सांगतो. आत घालायचा इन्सर्ट म्हणजे शेवटी पाणी धरणारं कापड. टेरीच्या लूपमुळे ते पाणी धरतं. एमआयडीसीच्या बाजूला सेकंडचा (बारीक दोष असलेला) माल किलोवर मिळतो, शंभर टक्के सुती बघून घ्यायचा. टेलरकडून कडा ओव्हरलॉक करून तीन घड्या करायच्या, झाला इन्सर्ट.

फक्त एक. नवा टॉवेल पाणी पीत नाही. दुकानात मऊ लागावा म्हणून त्याला सॉफ्टनर मारलेला असतो. पाच-सहा वेळा साध्या पावडरीने धुवा, मग बघा. घरी धुताना सॉफ्टनर अजिबात नको, तोच प्रकार होतो.

पुणेकर_आई
टॉवेल? बाळाला? बांबूचं कापड घेऊन बघा एकदा, लोण्यासारखं असतं.

यंत्रमागाचा_पोरगा
लोणी शोषतं का ताई पाणी?

हुतात्म्याची_प्रवासी
माझी फजिती ऐका. मुलगा अडीच महिन्यांचा. सोलापूरहून पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसने निघालो, मोठ्या कौतुकाने कापडी पॉकेट डायपर घातला. कुर्डुवाडी यायच्या आत माझी साडी, नवऱ्याची पँट आणि शेजारच्या काकांची पिशवी भिजली. पिशवीत शेंगाचटणी होती. काका भले माणूस, काही बोलले नाहीत, पण दौंडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

नंतर कारण कळलं. रोजची मालिश. हाता-मांड्यांचं तेल कापडाला लागून लागून इन्सर्ट मेणचट झाले होते, शू आत जिरायच्या ऐवजी ओघळून बाहेर. रॅशचं झिंक असलेलं पांढरं मलमही तेच करतं. मग मी मालिश-अंघोळीनंतर तासभर नुसतं दुपट्यावर ठेवायला लागले, आणि मलम लावलं की मध्ये जुन्या धोतराचा तुकडा.

तर्कट
सगळे "पर्यावरण" म्हणून कापडीकडे वळतात म्हणून लिहितो. ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण संस्थेचा २००८ चा अभ्यास आहे. कापडी डायपर आपोआप चांगले ठरत नाहीत, कसे धुता यावर ठरतं. मशीन पूर्ण भरून धुणं, दोरीवर वाळवणं आणि तेच दुसऱ्या मुलालाही वापरणं, तिन्ही पाळलं तर हवामानावरचा भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. वाटेल तसे धुतले तर फायदा उरत नाही.

शेळगीकर
दोरीवर नाही तर काय, सोलापुरात कोण ड्रायर लावणार बे? एप्रिलमध्ये कापड वाळत घालून मागं वळेपर्यंत वाळतंय.

तर्कट
तुमची दोरी ठीक आहे, पण त्या अभ्यासात पाणी घरी येतं असं धरलंय.

बंडू_विजापूर_रोड
😂 तर्कट भाऊ, पहिल्यांदाच पटलं तुमचं.

होटगीरोडची_काकू
विकतचेच घे, ताण घेऊ नकोस. आता जीएसटीपण कमी झालाय, सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के. बाळंतिणीने झोपायचं की धुणं धुवायचं? माझी सून दिवसाला दहा वापरायची.

माहेरी_आलेय
सगळ्यांचे आभार. पण काकू, दिवसाला दहा म्हणजे दहा रुपयांचा एक धरला तरी शंभर रुपये रोज. एका महिन्यात ३००० संपले. पुणेकर ताई, तुमचं पॅक माझ्या बजेटच्या तिप्पट आहे. 🙏 आणि पाण्याचं कोणी सांगेल का? टॉवेलचं आवडलं, पण तो जड पाण्यात पापडासारखा होतो, आमचे अंगाचे टॉवेल झालेत.

पुणेकर_आई
बजेट थोडं वाढवता आलं तर बघ. बाळासाठीच आहे.

जुळे_सोलापूर_जुळे_पोरं
मला जुळं झालंय, त्यामुळे माझा अनुभव दोनाने गुणून घ्या. पाण्याचं सांगते.

पिवळी पातळ शी (अंगावर पिणाऱ्या बाळाची) पाण्यात लगेच सुटते, तिला घासायला लागत नाही. शूचे लंगोट वेगळे, शीचे वेगळे. शीचे लगेच एका मगात खळबळून काढायचे. बाकीचे भिजत ठेवायचे नाहीत, झाकणाच्या बादलीत कोरडेच टाकायचे. भिजवून ठेवले की उन्हाळ्यात वास असह्य होतो आणि पाणी दोनदा जातं. रोज सकाळी एकदाच धुणं. पहिलं पाणी बोअरचं चालेल, साबणाचंही चालेल, पण शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात. जड पाण्यात साबण कापडातच राहतो, मग लंगोट कडक होतात आणि ओले झाले की नाकात जाणारा वास मारतात. लोकांना वाटतं बाळाला काही झालंय. मीही लघवी तपासून आणली होती, काही नव्हतं.

एका बाळाचे दिवसाला दहा-बारा लंगोट होतात. रोज धुतलेस तर २५ पुरे. पाणी साठवून चार दिवसांनी धुवायचा विचार असेल तर ५० लागतील, आणि ते करू नकोस.

आणि ते "एकच साइज, तीन वर्षं चालतं" म्हणतात ना, ते साधारण पाच किलोच्या पुढे नीट बसतात. तीन किलोच्या बाळाच्या मांडीत बोटभर फट राहते. तू इथं आहेस ते तीन महिने त्याचा उपयोग नाहीच म्हण.

घरगुती_बेबी_वस्तू
सुंदर प्रिंटचे कापडी डायपर, लाळेरी, कुंच्या. भावासाठी मेसेज करा ❤️

संपादक
वरच्यांनी जाहिरात इथे करू नये. पुढच्या वेळी उडवू.

नलूमावशी
मी काय वेगळं सांगितलं होतं? लंगोट.

शेळगीकर
दिवसा लंगोट, रात्री विकतचा डायपर. आमच्या ताईने तेच केलं. सरळ हिशोब.

हुतात्म्याची_प्रवासी
+१. दिवसा कापडी, रात्री विकतचा. आणि प्रवासात विकतचाच, काकांची शपथ.

नर्सबाई_रात्रपाळी
मीही तेच सांगणार होते. विकतचा असला तरी तीन-चार तासांनी बदलायचा, शी झाली की लगेच. मुलगी झाली तर पुसताना पुढून मागे. रोज लंगोटाला जंतुनाशक ओतायची गरज नाही, त्यानेच कातडी चिडते. कडक ऊन पुरे. आणि वापरलेला डायपर कागदात गुंडाळून कचऱ्यात, संडासात टाकू नका. तुंबलेला मैला काढणारा माणूस कोणाचा तरी मुलगा असतो.

माहेरी_आलेय | ९ मे
बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते. मुलगी झाली, २ किलो ८००. दोघी बऱ्या आहोत.

तुमचं सगळ्यांचं वाचलं आणि शेवटी कोणाचंच पूर्ण ऐकलं नाही. कापडी डायपर एकही घेतला नाही. विकतचे दवाखान्यापुरते २४ आणले होते, त्यातले सहा अजून उरलेत. रात्रीही बांधत नाही. पारा चाळिशीपार, रात्री बारालासुद्धा भिंती तापलेल्या असतात. त्यात तिला प्लास्टिकच्या आत ठेवायला जीव होत नाही. मेणकापड, वर दुपटं, आणि आजीच्या इरकल साडीचे ३२ लंगोट. रात्री चारदा उठते. उठायचं होतंच, दूध पाजायला.

३००० चं काय झालं ते सांगते. जुळेवाल्या ताईंनी शेवटचं पाणी नळाचं म्हटलं, तिथे अडलो. नळाचं पाणी चौथ्या दिवसापर्यंत उरवायचं कशात? घरात एकच टाकी, ती स्वयंपाकाला आणि अंघोळीला. म्हणून १९०० रुपयांची दोन बॅरल घेतली, झाकणाची, २०० लिटरची. एक फक्त तिच्या धुण्याचं. घरात कोणी त्यातून तांब्याभरही घेत नाही, बाबांनी एकदा गाडी पुसायला घेतलं तर आजी दोन दिवस बोलली नाही. मेणकापड आणि वरचं सामान ३५० ला. उरलेले धुण्याच्या बाईंना, रोजचे दोन पिळे जास्त म्हणून.

नवरा पुण्याहून आला, बॅरल बघून म्हणाला, "हे डायपर आहेत?"

पुणेकर_आई
गोड! पुण्याला आलीस की पॉकेटवाले घे, माझे जुने देते. इन्सर्ट नवे लागतील.

नलूमावशी
शाब्बास. आजीला नमस्कार सांग. बाळाचे पाय नीट आहेत ना?

जुळे_सोलापूर_जुळे_पोरं
बॅरलचं झाकण घट्ट बसतं का बघ, डेंगीचा डास साठवलेल्या साफ पाण्यातच अंडी घालतो. आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून घासून कोरडं करायचं.

बंडू_विजापूर_रोड
ताई, बॅरल कुठून घेतलं? १९०० ला दोन, झाकणासकट? आमच्याकडे एकालाच बाराशे सांगतायत.

यंत्रमागाचा_पोरगा
निळं आहे का? निळं असेल तर आधी त्यात काय होतं ते विचारून घ्या. रंगाच्या कारखान्यातली बॅरलंपण तीच असतात, वास घेऊन कळत नाही.

माहेरी_आलेय
पांढरं आहे. खाद्यतेलाचं होतं. पहिल्या चार धुण्यांत लंगोटाला शेंगतेलाचा वास येत होता.

हुतात्म्याची_प्रवासी
तेल!! लंगोट पाणी पितायत ना?