वाळूवरची रेघ म्हणजे इशारा की पोकळ दम?

कोथरूडची_सेक्रेटरी
आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट रखडलंय. बिल्डर आमच्या तात्पुरत्या घरांच्या भाड्याचे चेक लांबवतो, विचारलं की पुढची तारीख. आता त्याला इंग्रजीत पत्र जायचंय (मराठी पत्रांना त्याच्या वकिलाकडून उत्तरच येत नाही). खजिनदारांनी मसुद्यात 'वी आर ड्रॉइंग अ लाइन इन द सँड' असं ठोकून दिलंय. तळमजल्यावरचे काका अडून बसलेत: आपल्याकडे पक्की गोष्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ; वाळूतली तर वारा आला की गेली, बिल्डर हसेल! ठाम पत्रात हे वाक्य चालेल का?

निवृत्त_मास्तर
चालेल. रेघ किती टिकते याला इथे महत्त्व नाही, ती समोरच्याच्या देखत ओढायची असते. इ.स.पू. 168 मध्ये सीरियाचा राजा चौथा अँटायोकस इजिप्तवर चालून गेला. अलेक्झांड्रियाजवळ रोमचा दूत पोपिलियस लीनस आडवा आला: सैन्य मागे घे, सिनेटचा हुकूम आहे. राजा म्हणाला, सल्लागारांशी बोलून सांगतो. (तुमचा बिल्डरच की हो!) दूताने हातातल्या काठीने राजाभोवती वर्तुळ काढलं. यातून पाय बाहेर टाकण्याआधी उत्तर दे. राजा मुकाट परतला. काठीला कोण घाबरतं? पण त्याच वर्षी रोमने पिडनाच्या लढाईत मॅसिडोनियाचा धुव्वा उडवला होता, हे राजाला ठाऊक होतं.

अमेरिकेत अशीच अलामोची (टेक्सासमधली एक गढी) गोष्ट सांगतात. 1836 च्या वेढ्यात गढीचा सेनानी ट्रॅव्हिसने तलवारीने रेघ ओढली, लढायला तयार असतील त्यांनी ती ओलांडून या म्हणाला. ही गोष्ट छापून आली ती 1873 मध्ये, त्यामुळे दंतकथाच समजा. 1990 मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर थोरल्या बुशनी हेच शब्द वापरले.

हिंजवडीचा_हमाल
ऑफिसात याचं पार पाणी झालंय. आमचा मॅनेजर दर स्प्रिंटला (कामाच्या दर टप्प्याला) वाळूत रेघ ओढतो, 'आता स्कोप, म्हणजे कामाची व्याप्ती, बदलणार नाही'. सोमवारी क्लायंटचा फोन आला की रेघ सरकली पुढे.

पेठेतला
एवढा घोळ कशाला? लक्ष्मणरेषा लिहा आणि मोकळे व्हा.

निवृत्त_मास्तर
नको हो. लक्ष्मणरेषा आतल्या माणसाच्या रक्षणासाठी, ही समोरच्याला दिलेली ताकीद. (शिवाय वाल्मीकी रामायणात ती सापडत नाही, पण तो वाद इथे नको.)

मॅडम, वाक्य ठेवणार असाल तर शेवटच्या परिच्छेदात एकदाच. लगेच पुढे तारीख, आणि ती चुकली तर काय करणार ते. थकलेलं भाडं त्या दिवसापर्यंत जमा झालं नाही तर बँक गॅरंटी (बिल्डरने पैसे बुडवले तर बँक भरेल ही हमी) वटवू, असं स्पष्ट. गॅरंटी घेतलीय ना?

कोथरूडची_सेक्रेटरी
करारात आहे. आत्ताच खजिनदारांना फाइल उघडायला लावली, तर तिची मुदत संपत आलेली निघाली! आता आधी नूतनीकरणाचं पत्र जाईल, तेही बँकेला प्रत लावून. भाड्याचं त्यानंतर. वाळूचं वाक्य काढलं. काका खूश आहेत, खजिनदार बोलत नाहीयेत.