घर विकण्यापूर्वी ओलीच्या भिंतीला रंग द्यावा का?

उंबरठा:
आई-वडिलांच्या पश्चात आमचे घर सुमारे दोन वर्षे बंद आहे आणि आता आम्ही भावंडांनी ते विकण्याचे ठरवले आहे. आतल्या खोलीच्या एका भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत ओल आली असून तेथील रंगाचे पोपडे सुटत आहेत. त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे. शिवाय दार उघडताच घरभर कोंदट, काहीसा गटारासारखा वास येतो. धाकट्या भावाच्या मते न्हाणीघराच्या सगळ्या फरशा बदलाव्यात, घराला आतून रंग द्यावा आणि मगच ग्राहक बोलवावेत. मला हा खर्च डोळसपणे केलेला वाटत नाही, परंतु ओल तशीच दाखवणेही प्रशस्त वाटत नाही. हाताशी एक महिना आहे आणि पैसे बेताचेच आहेत. कोणते काम आधी करावे आणि कोणते सोडून द्यावे?

ओळंबा:
बांधकामांवर देखरेख करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे रंगाचे नंतर पाहू, आधी पाणी कोठून येते ते शोधा, असेच मी म्हणेन. दोन वर्षे त्या न्हाणीघरात कोणी आंघोळ केलेली नाही. फरशांच्या सांध्यांतून पाणी झिरपत असते, तर एव्हाना भिंत बऱ्यापैकी वाळायला हवी होती. म्हणजे राहिल्या मुख्यतः दोन शक्यता: भिंतीत गाडलेली, सतत दाबाखाली असणारी नळाची नळी गळत असेल किंवा जमिनीतली ओल पायातून वर चढत असेल. यांपैकी कोणत्याही आजारावर नव्या फरशा हे औषध नव्हे.

पहिली शक्यता तपासायला खर्च येत नाही. घरातील सर्व नळ बंद करा, मुख्य झडप मात्र उघडी ठेवा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून घ्या आणि दोन तासांनी पुन्हा पाहा. आकडा पुढे गेला असेल, तर कोठेतरी गळती आहे. संडासाची टाकी गळत असली तरी आकडा हलतो, म्हणून तिची तोटी आधी बंद करावी. आकडा हलला नाही, तर ओलीच्या जागी जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूस जमले, तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूस जमले, तर खोलीतील दमट हवा थंड भिंतीवर निवते आहे आणि खिडक्या उघडणे हाच त्यावरचा पहिला उपाय आहे.

भिंतीवर पांढरी भुकटी दिसते का, तेही पाहावे. पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर सुकले की भिंतीला असा लोणा लागतो. त्यावर ऑइल पेंट फासला, तर आतली वाफ कोंडते आणि काही काळातच रंग पुन्हा सुटतो, बहुधा व्यवहार पुरा होण्याच्या सुमारास.

दक्षिणवारा:
भिंतीबद्दल वर लिहिले आहेच, मी केवळ वासाबद्दल लिहितो. मोरीच्या जाळीखाली आणि बेसिनखाली वाकडी नळी असते. तिच्यात अडून राहिलेले पाणी गटारातील वायू घरात येऊ देत नाही. घर बंद राहिले की हे पाणी आटते आणि वाट मोकळी होते. प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता, संडासातही पाणी सोडा. पुन्हा महिनाभर कोणी जाणार नसेल, तर पाण्यावर चमचाभर तेल सोडावे, म्हणजे ते सावकाश आटते. उरलेला कोंदटपणा कपाटे आणि गाद्यांचा असतो. कपाटे उघडी ठेवा आणि जुन्या गाद्या घराबाहेर काढा. सुगंधी फवारे कृपा करून मारू नका. तो वास आला की मी स्वतः ग्राहक म्हणून आधी कोपरे तपासू लागतो.

चौकट:
ओळंबा यांचे म्हणणे पटते, तरी पोपडे सुटलेली भिंत पाहून ग्राहक दारातूनच परत फिरतील, अशी मला भीती वाटते. किमान बैठकीच्या खोलीला एक फिकट रंग द्यावा, निम्मे सामान हलवावे आणि सगळीकडे एकाच छटेचे दिवे लावावेत. २७०० ते ३००० केल्विनचे दिवे राहत्या घराला ऊबदार दिसतात.

ओळंबा:
बैठकीच्या खोलीबद्दल माझी हरकत नाही. ओली भिंत मात्र गळती थांबल्यावरही लगेच वाळत नाही. विटांच्या भिंतीसाठी ढोबळ ठोकताळा महिन्याला सुमारे २५ मिलिमीटर जाडीचा आहे, म्हणजे एका महिन्यात तिच्यावर टिकाऊ रंग चढणार नाही. मी असतो तर सुटलेला गिलावा नीट चौकोनात काढून ती जागा उघडी ठेवली असती आणि ग्राहकाला दुरुस्तीचे बिल व छायाचित्रे दाखवली असती. कारण सापडलेली ओल किमतीत धरता येते. लपवलेली ओल नंतर उघडी पडली, तर ग्राहक घरातील प्रत्येक गोष्टीवर शंका घेतो, आणि काही ठिकाणी ठाऊक असलेला दोष न सांगणे कायद्यानेही अंगाशी येते.

उंबरठा:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संडासाची तोटी बंद करून मीटर पाहिला; दोन तासांत आकडा चांगलाच पुढे सरकला होता. म्हणजे नळीच गळत आहे. जाळ्यांत पाणी ओतल्यावर गटाराचा वास संध्याकाळपर्यंत बराच उतरला. भावाला हा सारा मजकूर वाचायला दिला आहे. आता एकच विचारायचे आहे: नळी दुरुस्त करायला न्हाणीघरातील फरशा फोडाव्याच लागतील का?

ओळंबा:
शक्यतो नको. प्लंबरला खोलीच्या बाजूने भिंत खोदायला सांगा. तिकडचा गिलावा तसाही काढायचाच आहे.